भाच्यानं जुन्या पत्रिकांचं अख्खं फोल्डर उडवलं, रिसायकल बिनमध्ये पण दिसंना गेलंय

सेलूचा_डीटीपीवाला

नमस्कार मंडळी. सेलूत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, वाढदिवसाचे फ्लेक्स असली कामं. काल मी परतूरला लग्नाला गेलतो अन् दुकानावर भाचा होता, सुट्टीत येऊन बसतो मदतीला. कम्प्युटर लैच स्लो चालायलाय म्हणून त्यानं आपल्या मनानं साफसफाई काढली. डी ड्राईव्हवर "जुन्या पत्रिका" असं फोल्डर होतं, २०१७ पासूनचं सगळं त्यातच, कोरलच्या (डिझाईनचं सॉफ्टवेअर) फाईली, गिऱ्हाईकांचे फोटो, गणपतीचे आणि वधूवराचे क्लिपआर्ट, ४० जीबीच्या वर असंल. जुनं लिहिलंय म्हणजे भंगार असं वाटलं त्याला. डिलीट मारलं, कसलातरी मेसेज आला म्हणे, यस केलं. मग डेस्कटॉपवरच्या या सीझनच्या सात-आठ चालू पत्रिका पण काढल्या आणि वरून रिसायकल बिन रिकामी केली, का तर मामा खूश होतील.

रात्री बघतो तर काहीच नाही. डेस्कटॉपचं समजलं, बिन रिकामी केली म्हणून गेलं, पण भाचा शपथ घेऊन सांगायलाय की जुन्या पत्रिका बिनमध्ये आल्याच नव्हत्या, बिन रिकामी करायच्या आधी त्यानं बघितलं होतं. असं कामून झालं असंल?

मशीन जुनी आहे, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क म्हणजे डी. गेल्या वर्षी २४० ची एसएसडी टाकून घेतली, विंडोज १० तिच्यावर, म्हणजे सी आणि डेस्कटॉप तिकडं.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक तर हे परत येईल का. दुसरं, डिलीट केलेलं कायमचं जायच्या आधी कुठंतरी अडवून ठेवायची काही सोय असते का, म्हणजे पुन्हा कुणी असं केलं तरी चार-सहा महिने माल हाताशी राहील. भाच्याला जास्त बोलता पण येईना, बहिणीचं लेकरू आहे.

---

नांदेडचा_पाना

आधी मशीन बंद करा दादा. आत्ता. हे मोबाईलवरून वाचत असाल तर ठीक, त्या कम्प्युटरवरून वाचत असाल तर उठा आणि बंद करा. बाकीचं नंतर लिहितो.

---

फ्री_सॉफ्ट_भाऊ

टेन्शन नका घेऊ, माझ्याकडं रिकव्हरीचं फुल व्हर्जन क्रॅकसहित आहे, मेसेज करा लिंक देतो, डाऊनलोड करून इन्स्टॉल मारा, सगळं येतं.

---

कीबोर्डवाली_लातूर

वरच्या भाऊंचं अजिबात ऐकू नका. क्रॅकमधून काय येईल ते येईलच, पण मुद्दा तो नाही. फाईली ज्या डिस्कवरून गेल्यात तिच्यावरच नवीन काही डाऊनलोड किंवा इन्स्टॉल केलं की ते नेमकं तुमच्या पत्रिकांच्या जागेवर जाऊन बसू शकतं. मग पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर असो की फुकटचं, त्याला काढायला काही उरत नाही.

---

नांदेडचा_पाना

ताई बरोबर बोलल्या. आता सविस्तर लिहितो, वजिराबादला रिपेरिंगचं काम करतो आणि असलं प्रकरण दर महिन्याला एकतरी येतंच.

बिनमध्ये का आलं नाही ते आधी. रिसायकल बिन म्हणजे अथांग विहीर नाही, प्रत्येक ड्राईव्हला तिची वेगळी मर्यादा असते. विंडोज आपणहून जी ठेवतं ती मोठ्या डिस्कवर साधारण ५-६ टक्के, म्हणजे तुमच्या ५०० च्या डिस्कला २५ जीबीच्या आसपास. तुमचं फोल्डर ४० च्या वर. ते मावतच नाही, म्हणून विंडोज विचारतं की हे बिनमध्ये ठेवायला फार मोठं आहे, कायमचं काढू का. भाच्यानं ज्याला यस केलं तो मेसेज हाच. पोरगं खरं बोलायलंय, त्याला रागावू नका.

असंच बिनला वळसा घालून जायचे आणखी रस्ते आहेत आणि लोकांना ते माहीत नसतात. शिफ्ट डिलीट तर सगळ्यांना माहितीये. पण पेन ड्राईव्हवरून डिलीट केलेलं बिनमध्ये जात नाही, नेटवर्कमधून दुसऱ्या कम्प्युटरच्या शेअर फोल्डरमधलं काढलं तर तेही नाही, कमांड प्रॉम्प्टमधून काढलं तर नाही. आणि बिन भरली की जुनं आपोआप बाहेर पडत जातं, सांगत पण नाही.

आता परत येईल का. डी ही साधी हार्ड डिस्क आहे हे तुमचं नशीब. डिलीट केलं की डेटा जागेवरून हलत नाही, विंडोज फक्त आपल्या वहीत खूण करतं की ही फाईल आता नाही आणि ही जागा रिकामी. आपल्या सातबाऱ्यावरचं नाव उडालं तरी रान तिथंच असतं तसं, पण नव्या माणसानं नांगर घातला की संपलं. म्हणून मशीन बंद करा म्हणालो. विंडोज स्वतः पण गप बसत नाही, आठवड्यातून एकदा आपोआप डीफ्रॅग करायची सेटिंग असते, ती चालली तर फाईली इकडच्या तिकडं हलवताना तुमची मोकळी दिसणारी जागा भरून टाकते.

एसएसडीचं मात्र वाईट वाटतं सांगायला. तिथं ट्रिम नावाची भानगड असते. फाईल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला कळवतं की हे ब्लॉक आता नको, आणि एसएसडी आपल्या सवडीनं ते आतून साफ करून टाकते. हे बऱ्याचदा लगेच होतं. डेस्कटॉपच्या सात-आठ पत्रिकांवर रिकव्हरीवाल्यांचे पैसे घालू नका, ९९ टक्के गेल्या समजा.

---

सेलूचा_डीटीपीवाला

मशीन बंद केली दादा. मोबाईलवरून लिहितोय. एक गोष्ट सांगायची राहिली, भाच्यानं साफसफाईनंतर जागा झाली म्हणून एक पिक्चर डाऊनलोड केलाय. आता विचारलं तर म्हणतोय डाऊनलोड्समध्ये आहे.

---

नांदेडचा_पाना

डाऊनलोड्स सी वर असतं, म्हणजे तो एसएसडीवर बसला. डी वाचली. पिक्चर कोणता ते विचारत नाही 😀

आता करायचं असं. डी ची हार्ड डिस्क काढा (फक्त दोन केबल आहेत, डाटा आणि पॉवर) आणि दुसऱ्या मशीनला लावा, किंवा यूएसबी अडॉप्टरनं लॅपटॉपला. रिकव्हर झालेला माल ठेवायला वेगळी एक्स्टर्नल डिस्क पाहिजे, त्याच डिस्कवर परत काढायचा नाही, हे दहादा सांगतो तरी लोक करतात. विंडोज लावल्यावर "फॉरमॅट करू का" असं विचारलं तर नाही म्हणा.

सुरुवात रिकुवा नावाच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं करा, त्याचं पोर्टेबल व्हर्जन येतं, पेन ड्राईव्हवरून चालतं. फाईलीपुढं हिरवा, केशरी, लाल टिपका दाखवतं. हिरव्या आधी काढून घ्या. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पण फुकट आहे, विंडोज फाईल रिकव्हरी, २०२० मध्ये आलं, पण ते काळ्या खिडकीत कमांड टाकून चालतं, विंडोज १० चं २००४ व्हर्जन किंवा त्यापुढचं लागतं. सवय नसेल तर आधी रिकुवाच.

त्यानं नाही झालं तर फोटोरेक. हे पण फुकट. हे फाईलीची नावं बघतच नाही, डिस्कभर फिरून फाईलीची सुरुवात ओळखून काढतं. त्यामुळं नावं आणि फोल्डर सगळं जातं, नुसते नंबर पडलेल्या हजारो फाईली हातात येतात. तेव्हा आधी नावासकट जे निघतंय ते काढा, हे शेवटी.

---

कीबोर्डवाली_लातूर

कोरलवाल्यांसाठी दोन गोष्टी घाला यात. मी पण आधी लातूरला गंजगोलाईजवळ एका डीटीपीवर सहा वर्षं काढलीत, आता क्लास घेते.

पहिली, कोरल एक्स फोर पासून पुढची सीडीआर फाईल ही आतून झिपच असते. त्यामुळं फोटोरेकनं काढलेल्यात सीडीआर दिसल्या नाहीत म्हणून रडत बसू नका, झिप नावाच्या फाईली बघा, कॉपी करून नावाच्या शेवटचं झिप काढून तिथं सीडीआर करा आणि कोरलमध्ये उघडून बघा.

दुसरी, कोरल सेव्ह करताना त्याच फोल्डरमध्ये "बॅकअप ऑफ" असं पुढं लावून आधीची कॉपी ठेवतं. सगळेजण त्या फाईलींवर चिडतात, कचरा म्हणतात, काढून टाकतात. पण आता बघा, मूळ फाईल आणि तिची बॅकअप ऑफ या डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या असतात. मूळ अर्धी खराब निघाली तरी जोडीची धड निघू शकते. त्यात शेवटचा एखादा बदल नसेल, मुहूर्ताची वेळ किंवा "आमच्या लाडक्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" मध्ये वाढवलेलं एक नाव, तेवढं परत टाकायचं.

आणि दादा, डेस्कटॉपच्या चालू पत्रिका. त्या छापायला कुठं पाठवता?

---

सेलूचा_डीटीपीवाला

ऑफसेटला परभणीला ताई. मेल करतो पीडीएफ, कधी कधी सीडीआर पण, कारण प्रेसवाले म्हणतात आम्हीच कलर बघतो.

---

कीबोर्डवाली_लातूर

मग सेंट उघडून बघा की! जीमेलमध्ये आपण पाठवलेलं आपण काढल्याशिवाय जात नाही. त्यात नसेल तर प्रेसच्या मशीनवर असेल, त्यांना आजच फोन करा, साफ करू नका म्हणा. गिऱ्हाईकाला प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं असेल तर तेही मिळेल, फोटो म्हणून पाठवलेलं असेल तर दबलेलं असतं, छपाईच्या कामाचं नाही, पण मजकूर आणि मांडणी बघून तासाभरात परत बसवता येतं. माणूस डिस्कमध्ये शोधत बसतो आणि माल लोकांच्या मोबाईलमध्ये पडलेला असतो.

---

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

तुमचं वाचून जुने दिवस आठवले. आमच्याकडे विंडोजच्या आधीचं डॉस होतं तेव्हा रिसायकल बिन नावाचा प्रकारच नव्हता, ती विंडोज ९५ बरोबर आली. त्या आधी डॉसमध्ये फाईल काढली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर पुसलं जाई आणि त्याजागी एक खूण पडे. १९९१ च्या डॉस ५ बरोबर अनडिलीट नावाची कमांड आली, ती चालवली की ती आपल्यालाच विचारायची, बाबा पहिलं अक्षर काय होतं? आपण ते सांगायचं आणि फाईल परत. एकदा शाळेच्या निकालाची फाईल अशीच परत आणली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला चहा पाजला होता, एरवी ते स्वतःचा पण पीत नसत.

पुढे डॉस ६ मध्ये डिलीट सेंट्री म्हणून सोय आली. ती चालू ठेवली की काढलेली फाईल गुपचूप एका लपवलेल्या डिरेक्टरीत जाऊन बसे आणि काही दिवस तिथं राही. तुम्ही जे मागताय ना, कायमचं जायच्या आधी अडवून ठेवणारं, ते तेव्हापासूनचंच दुखणं आहे.

बाकी आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेली, सोळाव्या शतकातल्या माणसाचं काम, अजून वाचता येतं.

---

नांदेडचा_पाना

मास्तर पासोडीला शिफ्ट डिलीट नव्हतं ना 😀

---

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

नव्हतं, पण उंदीर होते. त्या काळचा व्हायरस.

---

सेलूचा_डीटीपीवाला

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा, सीझन आहे आणि लाईटचा पण खेळखंडोबा चालू आहे.

डिस्क काढून मित्राच्या लॅपटॉपला लावली. रिकुवानं रात्रभर स्कॅन घेतला. बहुतेक फोल्डर नावासकट निघाले, २०१९ च्या पुढचं जवळजवळ सगळं. २०१७-१८ मधल्या बऱ्याच फाईली लाल दाखवायलं, त्यातल्या काही काढल्या तर कोरल म्हणतंय फाईल खराब आहे. पण ताई, तुमचं ते बॅकअप ऑफ! अशा तीसेक पत्रिका जोडीच्या फाईलीतून उघडल्या. मी इतके दिवस त्या शोधून शोधून काढत होतो.

डेस्कटॉपच्या आठपैकी पाच सेंटमध्ये सापडल्या, एक प्रेसवाल्यांकडं. दोन नव्यानं कराव्या लागल्या, भाच्यालाच बसवलं करायला, व्हॉट्सॲपवरचं प्रूफ बघून.

आता दुसऱ्या प्रश्नाचं सांगा. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

---

नांदेडचा_पाना

भारी झालं. आता सांगतो, पण एकाच गोष्टीवर भरवसा ठेवू नका.

बिनवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथं प्रत्येक ड्राईव्ह वेगळा दिसतो. डी निवडून कस्टम साईजमध्ये १००००० टाका, ते एमबीत असतं म्हणजे १०० जीबीच्या आसपास. आता ४० जीबीचं फोल्डर काढलं तरी बिनमध्ये मावंल. खाली डिलीट करताना विचारायची टिक आहे ती पण लावा, विंडोज आजकाल ती आपणहून लावत नाही. "फाईली बिनमध्ये न टाकता लगेच काढा" असा गोल असतो, तो लागलेला नाही ना ते बघून घ्या, कुणीतरी जागा वाचवायला लावून ठेवलेला मी दुकानांत पाहिलाय.

मग सेटिंग्जमध्ये स्टोरेज, त्यात स्टोरेज सेन्स. हे चालू असेल तर बिनमधलं ३० दिवसांनी आपोआप साफ करतं. तिथं कधीच नाही असं निवडा. साफसफाईचं दुसरं कोणतं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर काढूनच टाका, मशीन स्लो आहे ती त्यानं फास्ट होत नाही. आणि हे भाच्याला सांगा, डी वरच्या जुन्या फाईली काढून विंडोज पळायला लागत नाही, ते सी वर आहे. रॅम बघा किती आहे.

तिसरं, भाच्याला वेगळं अकाउंट करून द्या, स्टँडर्ड. जुन्या पत्रिकांच्या फोल्डरला सिक्युरिटीमध्ये त्या अकाउंटला फक्त वाचायची परवानगी ठेवा. उघडता येईल, कॉपी करून घेता येईल, काढता येणार नाही. पण हे चालू कामाच्या फोल्डरला करू नका, तिथं त्याला सेव्हच करता येणार नाही आणि मग दिवसभर तुम्हाला फोन.

---

कीबोर्डवाली_लातूर

यात फाईल हिस्ट्री राहिली. कंट्रोल पॅनेलमध्ये असते, एक्स्टर्नल डिस्क लावून चालू केली की दर तासाला बदललेल्या फाईलींची कॉपी घेत राहते आणि जुन्या कॉप्या पण ठेवते. इथं लोक फसतात ते असं, ती आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशीच ठिकाणं घेते. तुमचं काम डी वर. ते फोल्डर तिला मुद्दाम दाखवून द्यावं लागतं, नाहीतर वर्षभर बॅकअप चालू आहे म्हणून निवांत राहाल आणि आत पत्रिकाच नसतील.

गुगल ड्राईव्ह पण वापरा, १५ जीबी फुकट आहे, चालू सीझन मावतो. पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. कम्प्युटरवर काढलं की तिकडून पण निघतं, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं आणि मग जातं. आधी ट्रॅशमधलं तसंच पडून राहायचं, २०२० च्या ऑक्टोबरपासून ३० दिवसांचं झालं, अजूनही जुन्या भरवशावर बसलेले लोक भेटतात मला. तुम्हाला चार-सहा महिने पाहिजेत, त्याला हे पुरणार नाही.

मी दुकानात असताना साधी गोष्ट करायचे. डिलीट करायचंच नाही. एक्स्टर्नल डिस्कवर "काढायचं" नावाचं फोल्डर, त्यात महिन्याप्रमाणं फोल्डर, जे नको वाटलं ते तिकडं हलवायचं. तुळशीच्या लग्नानंतर नवा सीझन लागायच्या आधी मालकासमोर बसून एकदा साफ करायचं. कुणी काही हलवलं तर कळतं पण, आणि चूक झाली तर नुसतं परत ओढायचं.

---

नांदेडचा_पाना

हे चांगलंय. फक्त ती एक्स्टर्नल डिस्क चोवीस तास मशीनला लावून ठेवू नका. लाईट आली-गेली, व्होल्टेज उसळलं, किंवा फाईली लॉक करणारा व्हायरस आला तर दोन्ही एकदम. दुसरी एक डिस्क घरी ठेवा, रविवारी आणून कॉपी घ्यायची आणि परत घरी. दुकानात पाणी शिरलं तरी घरची वाचते.

---

गंगाखेडकर_७

मधेच विचारतो, माझं पेन ड्राईव्हचं असंच झालंय, शिफ्ट डिलीट नाही साधं डिलीट केलंय तरी बिनमध्ये नाही.

---

नांदेडचा_पाना

वर लिहिलंय भाऊ, पेन ड्राईव्हला बिन नसते. त्यावर काही टाकू नका, रिकुवा चालवा. फोटो असतील तर फोटोरेक.

---

सेलूचा_डीटीपीवाला

सगळ्यांचे लै आभार. बिन वाढवली, टिक लावली, स्टोरेज सेन्स बघितलं तर चालूच होतं. "काढायचं" फोल्डर केलंय. भाच्याचं अकाउंट वेगळं केलं, तो थोडा नाराज आहे, म्हणतो मामाचा भरवसा नाही माझ्यावर. त्याला म्हणालो अरे माझ्यावरच नाही, मी रोज स्टँडर्डमध्येच बसायलोय आता, ॲडमिनचा पासवर्ड तुझ्या मामीकडं आहे.

आज सकाळी एक गिऱ्हाईक आलं मानवतहून, २०१८ ला थोरल्याची पत्रिका आपल्याकडून केली होती, म्हणे धाकट्याची पण तशीच पाहिजे, फक्त नावं बदला. लाल टिपक्यातली होती ती. बॅकअप ऑफ वाली उघडली तर त्यात गणपती आहे, आजी-आजोबांची नावं आहेत, पण आहेर आणू नये ही ओळ नाही, ती शेवटी घातली होती बहुतेक. विचारलं घालू का, तर म्हणाले आता राहू द्या नसली तर.